पहिल्याचा श्वास

सकाळी दुकानाचं शटर वर सारलं की ते आधी स्वतःचा चष्मा काढत, दोन्ही काचांवर तोंडाची वाफ सोडत आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत. गिऱ्हाइकांनी असं केलेलं मात्र त्यांना मुळीच खपत नसे. मग डावा हात खिशात जाई. खिशात ट्रंपेटचा माउथपीस असे, अंगठ्याएवढा चकचकीत पितळी पेला. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत ते मुठीत धरून त्याला ऊब देत. गार पितळ ओठांना लावलं की ओठ दिवसभर रुसून बसतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटची बारा वर्षं त्यांनी ट्रंपेट पेटीबाहेर काढला नाही, तरी माउथपीस रोज खिशात असे आणि रोज ऊब घेई.

धंद्याने ते चष्मेवाले. रविवारी सकाळी मात्र ते ‘पहिला’ असत. छापखान्यामागच्या खोलीत, कागदाच्या रिळांच्या मध्ये, पाच खुर्च्या मांडून पाच जण पितळी वाद्यं वाजवत आणि एकमेकांना क्रमानंच हाक मारत. पहिला आणि दुसरा ट्रंपेटवाले. दुसरा दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे सगळ्यांचे पुढचे दात, म्हणजे सगळं भांडवलच, चांगल्या हाती होतं. तिसरी शाळेतली बाई, ती गोल वेटोळ्यांचा फ्रेंच हॉर्न वाजवायची. चौथा बस चालवायचा आणि ट्रॉम्बोनची नळी पुढे सारताना हमखास ‘चला, पुढे सरका’ म्हणायचा. पाचवा म्हणजे त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो गॅरेजात इंजिनं खोलायचा, आणि मांडीवर भलाथोरला, खर्जाचा ट्यूबा घेतला की झोपलेलं मूल सांभाळत बसल्यासारखा दिसायचा.

ते चार-पाचशे वर्षांचं संगीत वाजवत. सुरुवात जुन्या दरबारी नाचांनी व्हायची. त्या कागदांवर कोणी काय वाजवायचं ते लिहिलेलंच नसे. ज्याच्या हातात जे असेल त्यानं ते वाजवावं, असा मोकळा कारभार. शेवट आजकालच्या एखाद्या रचनेनं व्हायचा, आणि तिच्यात प्रत्येकाचा श्वाससुद्धा नेमून दिलेला असायचा. पाच जणांपुढे काठी हलवणारा कोणी नसतो. पहिला नाकातून श्वास आत ओढतो, तो ‘हुं’ बाकीच्यांना ऐकू येतो आणि सगळे एकदम सुरू करतात. हे त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की एकदा त्यांना शिंक येऊ घातली तेव्हा चौघांनी वाद्यं उचलली होती.

श्वासाच्या बाबतीत ते कडक होते. “सूर चुकला तर चालेल,” ते म्हणत, “पण श्वासाशी खोटेपणा नको. तो दिला की बाकीचे त्यावर उडी मारतात.”

त्या वर्षी रेडिओवर दर महिन्याला एक कार्यक्रम देण्यासाठी एका चमूची निवड व्हायची होती. शेवटच्या फेरीत त्यांचं नाव होतं. ती ज्या दुपारी सभागृहात व्हायची, त्याच दुपारी त्यांच्या बायकोच्या तपासणीचा निकालही यायचा होता. गळ्यात गाठ लागली होती. सकाळी ती म्हणाली, “सगळं ठीक निघालं तर मी येते ऐकायला. नाही आले तर तुम्ही आधी नीट वाजवा, मग घरी या.” मेव्हण्यालाही हे माहीत होतं.

जुने नाच छान गेले. नंतरची दोन गाणीही. शेवटच्या नव्या रचनेत मध्यावर एक शांतता होती. तिला मोजमाप नव्हतं. रचनाकारानं लिहिलं होतं, पहिल्याच्या श्वासाची वाट पाहावी. ट्रंपेट मांडीवर ठेवून ते थांबले. सभागृह अगदी गप्प होतं. तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं आणि बाहेरच्या उजेडात ती दिसली. तिनं हात वर केला.

त्यांच्या नाकातून श्वास आत ओढला गेला. सकाळपासून अडकलेला होता, तो.

ट्यूबाची नळी लांबच लांब. फुंकर आत गेल्यावर सूर बाहेर यायला अंमळ उशीर लागतो, म्हणून मेव्हणा इतरांच्या केसभर आधी सुरू करायचा. हळुवार जागी तो डोळेही मिटायचा. बाकी तिघांचे डोळे उघडे होते. पहिल्याचा ट्रंपेट अजून मांडीवरच आहे हे पाहून ते जागच्या जागी थांबले. मेव्हण्याचा सूर मात्र निघाला. त्या शांततेत एकटा, जाडजूड, घाटातल्या ट्रकच्या भोंग्यासारखा. पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग उरलेली रचना त्यांनी कशीबशी पार पाडली.

आतल्या खोलीत बसवाला म्हणाला, “अरे पाचव्या, घाई कसली झाली होती? माझी बस सुटत होती की काय?”

“मला श्वास ऐकू आला,” मेव्हणा म्हणाला. तो माफी मागत नव्हता, नुसतं सांगत होता. सगळे चष्मेवाल्यांकडे बघायला लागले.

तेव्हाच एक वाक्य बोलायचं होतं. सोपं होतं. पण निवड हातची गेली हे सगळ्यांना कळलं होतं, बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि श्वासावर एवढी प्रवचनं त्यांनीच झोडली होती. ते मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस.”

स्वतःच्या चुकीसाठी त्यांनी दुसऱ्याला क्षमा करून टाकली. ती त्यानं घेतलीही.

बायको आत आली ती हसतच. “गाठ साधी आहे. मी दारातून हात केला, दिसले का तुम्हाला?”

मेव्हणा दोन हातांवर ट्यूबा पेटीत ठेवत होता.

“नाही गं,” ते म्हणाले. “दिवे असतात ना डोळ्यांवर. काही दिसत नाही.”

“बघा. मी वेडीच, उगाच हात हलवत उभी राहिले.”

पुढच्या रविवारी मेव्हणा आला नाही. त्यापुढच्याही नाही. वर्षभरात छापखान्याची खोली सुटली. बायको त्यानंतर नऊ वर्षं होती, मग हृदयविकारानं गेली. त्या नऊ वर्षांत ती आल्या-गेल्याला मजेनं सांगायची, “जगाला चष्मे देतात, पण ह्यांना बायको दारात उभी असलेली दिसत नाही.” लोक हसत. तेही हसत. कितीदा तरी जेवताना त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अगं, तुला पाहिलं म्हणून तर सगळं घडलं. पण ते सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. ती वाटी पुढे करायची, ते भात घ्यायचे, आणि दिवस संपायचा.

ती गेल्यानंतर तीन वर्षांनी मेव्हणा दुकानात आला. वाचायला त्रास होतो म्हणाला. त्यांनी त्याला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवली, एका डोळ्याचा नंबर काढून तो काळ्या चकतीनं झाकला.

“खालची ओळ वाच.”

“प, र... पुढे सगळं धुरकट आहे.”

त्यांनी काच बदलली. “आता?”

“आता बरं. डोळे गेले, भाऊजी. कान मात्र ठणठणीत. दोनदा तपासून घेतलेत.”

“कान? ते कधी?”

“तेव्हाच की, त्या कार्यक्रमानंतर. नसलेला श्वास ऐकू आला म्हटल्यावर घाबरलोच मी. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत. म्हटलं, मग डोक्यातच काहीतरी असणार.” तो हसला. “गॅरेजात वर्षभर इंजिनाचा आवाज दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायचो. मालक म्हणायचा, ह्याला झालंय काय!”

चष्मेवाल्यांच्या चिमटीत पुढची काच होती. ती त्यांनी डब्यात परत ठेवली.

“श्वास होता,” ते म्हणाले.

“काय?”

“मी घेतला होता. तुझी ताई दारात दिसली आणि घेतला गेला. तुला बरोबर ऐकू आलं होतं.”

मेव्हणा एका उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिला. बाहेर काउंटरवर त्यांची मुलगी कोणाला तरी फ्रेमा दाखवत होती; ड्रॉवर उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता.

“मी ट्यूबा विकला, भाऊजी,” तो शेवटी म्हणाला. “घेणाऱ्यानं विचारलं, काही खोट आहे का? मी म्हटलं, वाद्यात नाही.”

त्यांनी काचांच्या डब्याचं झाकण लावलं.

“ताईला सांगितलं होतंत?”

“नाही.”

“तिला तरी सांगायचं. माझं जाऊ द्या. ती हसण्यावारी न्यायची, पण एकदा मला म्हणाली होती, नसेन दिसले, पण अंदाजानं तरी हो म्हणायचं होतं.”

फ्रेम त्यानं स्वतःच काढली आणि हळूच टेबलावर ठेवली. “नंबर काढलाच आहे तर चष्मा करून टाका,” म्हणाला आणि उठून गेला. जाताना मुलीच्या डोक्यावर टपली मारायचं मात्र विसरला नाही.

काचा हल्ली बाहेरून घासून येत. ह्या दोन त्यांनी स्वतः घासल्या. चार दिवस लागले. मुलगी म्हणाली, “बाबा, मामाच्या नाकावरच बसायचाय ना तो, संग्रहालयात नाही ना?” तरी ते कडा तपासत राहिले. चष्मा तयार होऊन दोन आठवडे काउंटरवर पडून राहिला. मेव्हणा आला नाही. गुरुवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं नाही, आणि मेव्हणा आला तो त्या दिवशी, घरी, खांदा द्यायला.

त्याआधी मंगळवारी संध्याकाळी, दिवे मालवता मालवता, त्यांनी त्याला फोन लावला होता. पलीकडून फोन उचलला गेला, पण आवाज आला नाही. मुलगी शेजारीच उभी होती. बाबांनी मोठ्यानं श्वास आत घेतलेला तिनं ऐकला. तिला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

“चष्मा झालाय रे,” ते म्हणाले. “सवडीनं ये, घाई नाही. आणि जुनी डबी असेल तर ती घेऊन ये, नवी उगाच वाया जाते.”