उशीजवळची भिंत

आर्कान्सातल्या त्या गावात निम्म्या घरांच्या आतल्या भिंती व्हर्लिन प्रुइटच्या हातच्या होत्या. आत लाकडाचा सांगाडा, दोन्ही अंगांना जिप्समचे बोर्ड, सांध्यांवर पुट्टी. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. व्हर्लिनने बुजवलेलं भोक दुसऱ्या दिवशी खुद्द व्हर्लिनलाही सापडणार नाही, असं लोक म्हणत. तो त्यावर कधी हसला नाही.

मुलगी ट्वायला तान्ह्या रेनला घेऊन माहेरी आली होती. जावई तेलविहिरीवर कामाला, दोन महिने येणार नव्हता. मागच्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या म्हातारीचं दार कुणीतरी फोडलं होतं. ट्वायलाने आपल्या जुन्या खोलीत चाकांचा पाळणा मांडला तो नेमका बोळाकडच्या भिंतीला लावून. मग स्वयंपाकघरात येऊन तिने काडतुसांच्या दोन पेट्या टेबलावर ठेवल्या.

"डॅडी, यातली कुठली घरात ठेवू? दुकानदार म्हणतो, पक्ष्यांवरचे बारीक छर्रे बरे, भिंतीच्या पार जात नाहीत. हरणावरचे मोठे मारले तर चोर एक आणि शेजारी दोन."

"दुकानदाराला भिंतीतलं काय डोंबल कळतंय?" त्याची बायको ओलेटा पीठ मळता मळता म्हणाली. "घरात भिंतवाला बसलाय तुझा. त्याला विचार की."

व्हर्लिनच्या हातातला कॉफीचा कप खाली आला.

एकोणीस वर्षांपूर्वीही गावात चोऱ्या होत होत्या. त्या बुधवारी ओलेटा आणि बारा वर्षांची ट्वायला चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेल्या होत्या. बंदूक रिकामी आहे अशा समजात तो बोळात उभा राहून घोडा चाचपत होता. ती रिकामी नव्हती. एकाच काडतुसातले नऊ मोठे छर्रे भिंतीत गेले. धावत तो पलीकडच्या खोलीत गेला, तर ट्वायलाच्या उशीतली पिसं अजून हवेत तरंगत होती.

गुडघे टेकून त्याने देवाचे आभार मानले. आणि उठला तो थेट शेडमध्ये, लवकर वाळणारी पुट्टी आणायला. दोघी परतेपर्यंत दोन्ही बाजू गुळगुळीत, वर रंगाचा हात. ओलेटा हरखलीच. किती वर्षं ती रंगाचं म्हणत होती! दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी पीच घालून केक केला, आणि त्याने तो खाल्ला. उशी टकरने फाडली असं सांगितलं. टकर म्हणजे ट्वायलाच्या पायाशी झोपणारा कुत्रा. ओलेटाने त्याला ओसरीवर काढलं. पुढची सहा वर्षं, मरेपर्यंत, तो ओसरीवरच झोपला. दर रविवारी ट्वायला गायला उभी राहिली की व्हर्लिन मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, केवढा भाविक माणूस!

"डॅडी? अहो, सांगा ना."

नुसतं 'बारीक घे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते खोटं होतं, आणि रेनचं डोकं त्या भिंतीपासून वीतभर लांब होतं.

तो उठला, अवजारांच्या पेटीतून सुरी घेऊन खोलीत गेला. एका हाताने पाळणा ओढला आणि भिंतीवर, उशीच्या उंचीला, चौकोन कापला.

"अरे व्हर्लिन, वेडबिड लागलं का तुला?" ओलेटा पिठाच्या हातांनी दारात आली.

बोर्ड सुटला. आतल्या उभ्या लाकडात एकच छर्रा रुतून बसला होता.

"नऊ होते," व्हर्लिन म्हणाला. "लाकूड मध्ये आलं म्हणून हा एक थांबला. बाकीचे तुझ्या उशीतून गेले. मीच बंदूक झाडली. तू गाण्याला गेली होतीस."

ट्वायलाने छर्ऱ्यावर बोट ठेवलं.

"टकर…" ती म्हणाली. "थंडीत दार खरवडायचा तो, डॅडी. तुम्हाला ऐकू यायचं."

"यायचं."

"आणि मी केक केला होता," ओलेटा म्हणाली.

जे माहीत होतं ते त्याने खाली बघत सांगितलं. "जो छर्रा माणसाला अडवेल, त्याला ही भिंत अडवणार नाही. बारीक छर्रेसुद्धा जवळून मारले तर पार जातात. पेटीवर भरवसा नको. दार वाजलं तर तिघी मागच्या टोकाच्या खोलीत जा, बाळाला पाठीशी घ्या, पोलिसांना फोन करा. बंदूक कुलपात. तिच्या पुढे काय आहे आणि त्याच्याही मागे कोण झोपलंय, हे आधी बघायचं."

त्याने पाळण्याला हात घातला.

"राहू द्या," ट्वायला म्हणाली. "मी नेते."

रेन जागी झाली नाही. ट्वायलाने एकटीने, थांबत थांबत, पाळणा मागच्या खोलीपर्यंत ओढत नेला. बोळात उभा राहून तो चाकांचा आवाज ऐकत राहिला.