बाटली विसळायची नाही

सापगावच्या विहिरीत वत्सला अकरा वर्षं जंतुनाशक टीसीएल पावडर टाकत आली होती. ग्रामपंचायतीने नेमलेली जलसुरक्षक ती. पावडर बादलीत कालवायची, वरची निवळ विहिरीत सोडायची आणि अर्ध्या तासाने पाण्याला क्लोरीनचा वास येतो का बघायचं, हे तिचं काम. तो वास आता तिच्या हातांनाच होता. पाहुण्याला पाणी द्यायचा तांब्याही ती त्याच निवळीने विसळायची. शेजारची हिरी म्हणायची, "हिच्या घरी चहा प्या, पर नाक मिटून."

अशा बाईला कल्याणच्या प्रयोगशाळेतल्या आरतीने गटाराचं पाणी आणायला सांगितलं.

कारण तिच्या नवऱ्याच्या, नथूच्या पायात होतं. खाचरात बांबूचा सड त्याच्या तळव्यात घुसला, मधुमेहाने जखम भरू दिली नाही आणि चार महिन्यांत दोन बोटं काळी पडली. जखमेतला जंतू कुठल्याच औषधाला जुमानत नव्हता. आरतीने तो काचेच्या बशीत वाढवला होता. तिने बारीक तार त्याला टेकवून उचलली, तर मागून वीतभर तंतू लोंबत आला.

"भोकराचा चीक," वत्सला म्हणाली.

"तसाच. हे त्याचं कवच, वत्सलाताई. शर्करेचं. त्यामुळे आपल्या रक्तातल्या पेशींना तो धरता येत नाही. पण जंतूंना मारणारे विषाणू असतात, फाज. त्यांतल्या काहींकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते हे कवच चिरत आत जातं."

"मिलतात कुठं?"

"जिथे जंतू तिथे. गटारात, गोठ्याच्या मोरीत."

असा फाज सापडला, तर नथूवर वापरायची परवानगी रुग्णालयाच्या नीती समितीकडे मागू, असं शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मात्र पाय महिनाभरच वाट पाहील, हेही सांगितलं होतं.

वत्सलाला घरात बसवेना. आसनगावच्या नाल्यातून, सापगावच्या मोऱ्यांतून, मुरबाडच्या बाजारामागून तिने पाणी भरलं. दर सोमवारी बाटल्या पोचवायच्या आणि बुधवारी फोन करायचा. बशीत वाढलेल्या जंतूंच्या सायीवर ते पाणी टाकल्यावर कुठे भोक पडलं का, म्हणजे फाज सापडला का? नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी फोन लावताना तिने अंगठ्याचं नख दाताने तोडलं. नाहीच.

चौथ्या सोमवारी आरतीने बाटलीचं झाकण उघडलं आणि ती थांबली. तिने बाटली पुन्हा हुंगली.

"ताई, बाटल्या कशाने धुता?"

"निवळीने. तळाला जराशी ठेवते बी. सवय हाय."

आरतीने ती बाटली बाजूला ठेवली आणि प्रयोगशाळेची एक निर्जंतुक, बंद बाटली तिच्यापुढे सरकवली. वत्सलाला सगळं समजलं. जे विषाणू शोधत ती तीन आठवडे वणवण फिरली, ते तिने स्वतःच बाटलीत मारले होते.

त्याच दिवशी ती टोकावड्याच्या एसटीत बसली. तिथे धाऊ या तिच्या भावाचा म्हशींचा गोठा होता. प्रयोगशाळेने दिलेली बंद बाटली तिने उघडून मोरीत बुडवली. ती विसळावी म्हणून हात शिवशिवत होते. धाऊ हसला, "आक्के, शेण नेतेस का सोनं?" तिने झाकण घट्ट लावलं आणि उलटी एसटी धरली.

बुधवारी दुपारी आरतीने बशीचा फोटो पाठवला. सायीत एक स्वच्छ भोक होतं आणि भोवती फिकट वलय. दुसऱ्या दिवशी वलय आणखी रुंद झालं. भोकात जंतू मेलेत, वलयात विकराने त्यांचं कवच उतरवलंय, असं आरतीने फोनवर सांगितलं. समितीकडे अर्ज गेला. पण पाय थांबला नाही. शुक्रवारी डॉक्टरांनी पुढचा अर्धा पंजा काढला.

नथू शुद्धीवर आल्यावर वत्सला खाटेशी बसली. तिने पदराला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला.

"माझ्यानं तीन हप्ते गेले," ती म्हणाली आणि निवळीचं सगळं सांगितलं.

नथूने मान तिच्याकडे वळवली. "अकरा वर्सं गावात कोनाला हगवन नाय लागली," तो म्हणाला. "ती बी तुझ्याच निवळीनं. दाव तो फोटू."

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"ह्यो माझाच जंतू ना?"

"तुमचाच."

"मग उघडा पडला एकदाचा."

तो हसला नाही, तीही नाही. उरलेल्या पंज्याच्या जखमेतून काढलेला पू अजूनही तंतू धरत होता आणि समितीचा कागद आला नव्हता. आरतीला आणखी एक फाज हवा होता. एका विकराला एकाच तऱ्हेचं कवच उतरवता येतं आणि जंतू कवच बदलू शकतो, असं तिचं म्हणणं.

सोमवारी वत्सलाने विहिरीत निवळ सोडली, अर्धा तास थांबून वास घेतला. मग हात नुसत्या पाण्याने धुतले. हुंगले. पुन्हा धुतले, वास जाईपर्यंत. बंद बाटली पिशवीत घालून ती मुरबाडच्या एसटीला निघाली.