टँकरची उपाशी बॅटरी

आमची वहिनी बॅटऱ्यांची डॉक्टर. ट्रक, बस, टँकर, काहीही सुरू होईना झालं की लोक तिच्या गॅरेजचा रस्ता धरतात. ॲसिडची भोकं नसलेले तिचे दोनच कपडे आहेत, तेही लग्नाकार्यासाठी कपाटात जपलेले. माझं टायरचं दुकान तिला लागूनच, त्यामुळे तिची बोलणी मला दिवसभर फुकट मिळतात.

त्या दिवशी पाण्याचा एक टँकर ओढून आणला. पुढे मालक तोंड फुगवून, मागे ड्रायव्हर मान खाली घालून. वर्षात तिसरी नवी बॅटरी बसली होती आणि तीही उतरली होती.

"हा दिवे चालू ठेवून झोपतो," मालक म्हणाला. "तुम्ही तपासून सांगा. याची चूक निघाली, तर आजच घरी पाठवतो."

ड्रायव्हरला दोन लहान मुली. मला त्या मालकाचा असा राग आला, की हातातला पाना आपटावासा वाटला. वहिनी मात्र शांतपणे झाकणं उघडत होती.

टँकरला दोन बॅटऱ्या, एकमेकींना जोडलेल्या. काचेच्या नळीने तिने एकेका सेलमधलं ॲसिड ओढून पाहिलं.

"हिचे सहाही सेल सारखेच उतरलेत. बॅटरी खराब असती तर एखादाच मेला असता. ही नुसती उपाशी आहे." मग दुसरीत डोकावली. तिचं पाणी आटलेलं, वरचा भाग ओला. "आणि हिला जास्त चार्ज होऊन झालंय अजीर्ण. दिवे दोघींवर चालतात. दिव्यांनी दोघी सारख्याच उतरल्या असत्या. कुणीतरी एकीच्याच ताटातलं खातंय."

ती सीटखाली शिरली, मी टॉर्च घेऊन मागोमाग. उपाशी बॅटरीवरून एक बारीक वायर थेट रेडिओकडे गेली होती. सांध्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर दोऱ्याची दुहेरी गाठ. उन्हात पट्टी सुटते म्हणून वरून दोरा बांधायची खोड आमच्या अख्ख्या रस्त्यावर एकाच बाईला आहे.

"वहिनी, कापून टाक आणि गप्प बस," मी कुजबुजलो. खोटं कशाला सांगू, मी तेच केलं असतं.

"सापडलं का? याचीच करामत ना?" मालकाने बाहेरून विचारलं.

"साहेब, रेडिओ मी दिवसभर ऐकतो, पण दिवे कधी चालू ठेवत नाही," ड्रायव्हर हात जोडून म्हणाला.

वहिनी बाहेर आली, हात पुसले. "रेडिओची वायर एकाच बॅटरीवर जोडलेली आहे, आणि ती मीच जोडलीय. दहा वर्षं झाली. तेव्हा गॅरेज नवं होतं, मला एवढं कळत नव्हतं. आधीचा ड्रायव्हर रेडिओ लावायचा नाही, म्हणून निभावलं. बॅटरी चांगली आहे आणि हा माणूसही चांगला आहे."

ड्रायव्हर माझ्या टायरांच्या ढिगावर मटकन बसला आणि डोळे पुसू लागला. वहिनीने वायर काढली, दोन्ही बॅटऱ्या ठीक करून दिल्या. मालक ड्रायव्हरला टँकरमध्ये बसवून तडक निघून गेला.

"गेलं गिऱ्हाईक. झालं समाधान?" मी चिडून विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाच टँकर ओळीने उभे. किल्ल्यांचा जुडगा घेऊन तोच ड्रायव्हर आला, कानापर्यंत हसत.

"साहेब म्हणाले, यांतही तुम्ही काय काय जोडलंय ते बघून घ्या."

वहिनी आधी लाजली, मग पदर खोचावा तशा बाह्या वर करून कामाला लागली. पहिल्या टँकरमध्ये काही निघालं नाही. दुसऱ्याच्या सीटखालून जोरात हाक आली, "भावोजी, ही पण माझीच!"