केसांचा कुळव

"केसांचा... कुळव."

यमुनाबाईंनी उत्तर दिलं आणि मी कागदावर शून्य लिहिलं. समोरच्या कार्डावर कंगव्याचं चित्र होतं.

पुढचं कार्ड छत्रीचं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी पहिलं अक्षर दिलं, "छ..." त्या म्हणाल्या, "छ... छ... छप्पर." मान जोरात हलवली. छप्पर नव्हे हे त्यांनाही कळत होतं. मग म्हणाल्या, "हातातलं छप्पर."

मी दुसरं शून्य लिहिलं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. छत्रपती संभाजीनगरला जालना रोडच्या मागच्या एका गल्लीत माझं क्लिनिक आहे. तोतरेपणा, उशिरा बोलणारी मुलं आणि स्ट्रोकनंतर भाषा गेलेली माणसं माझ्याकडे येतात. स्ट्रोकनंतर भाषा अशी जाते त्याला अफेजिया म्हणतात. त्याचे प्रकार आहेत. यमुनाबाईंना समोरच्याचं सगळं समजत होतं. काय बोलायचं तेही डोक्यात तयार असायचं. फक्त वस्तूचं नाव जिभेवर येत नव्हतं. कुठलं नाव अडेल आणि कुठलं निसटून येईल याला काही नियम नसतो. कंगवा कुलपात, शेजारचा कुळव मोकळा.

त्या फुलंब्रीच्या. माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणाऱ्यांचं. घराण्यातल्या पहिल्या शिकलेल्या त्या. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, कविता लिहिल्या आणि गावातल्या बायकांचं एक कवितामंडळ उभं केलं. मंडळाचा मेळावा दरवर्षी दिवाळीनंतर भरतो. पहिली कविता यमुनाबाईंची, तीही नवीन, असा शिरस्ता. तो कधी मोडला नव्हता.

त्यांना घेऊन येणारी सून अश्विनी. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बरोबर सासरे रामभाऊ असायचे. ते बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे.

त्या दिवशी चाचणी संपल्यावर अश्विनीनं विचारलं, "सर, मेळाव्याला आई कविता म्हणतील ना?"

मी बेरीज बघितली. "अवघड आहे. यंदा दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

हे मी यमुनाबाईंच्या समोर बोललो. त्यांना सगळं समजतं हे मीच घरच्यांना बजावून सांगितलं होतं, आणि मीच विसरलो. वर तो कागद टेबलावर उघडा पडला होता. तांबड्या पेनानं काढलेली शून्यं. ज्या बाईनं हजारो पाट्या तपासल्या, तिला ती उलट्या बाजूनंही वाचता येत होती.

पुढच्या सेशनला त्या गप्प. कार्ड दाखवलं की पदर तोंडाला. त्याच्या पुढच्यालाही तेच. अश्विनी म्हणाली, "घरातपण बोलणं बंद केलंय त्यांनी. पाणी हवं असलं तरी तांब्याकडं बोट दाखवतात."

स्ट्रोकनं त्यांची नावं नेली होती. उरलेलं बोलणं मी नेलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. 

त्या आठवड्यात मी रामभाऊ आणि अश्विनीला केबिनमध्ये बोलावलं, यमुनाबाई बाहेरच्या बाकावर होत्या. म्हटलं, निदान माफी तरी मागावी. पण माफी मागताना मी पुन्हा शास्त्रातच शिरलो. मेंदूची डावी बाजू, शब्दांची साठवण वगैरे.

रामभाऊंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "डॉक्टर, एक इचारू का?"

"मी डॉक्टर नाही, रामभाऊ."

"बरं, नाय तर नाय. मास्तरीणबाईनं लग्न झाल्यापून माझं नाव घेतलं नाय. एकदापण नाय. 'अहो', 'इकडं ऐकलं का', 'बंटीचे बाबा'. माझं काय आडलं? हाक आली की मी जातोच की. तुमी त्याला बीमारी म्हनता व्हय?"

अश्विनी हसली. "बाबा, ते वेगळं."

"कसलं येगळं? आमच्याकडं वाड्यावर, म्हंजी मेंढरं बसवतो तिथं, अंधार पडला की लांडग्याचं नाव घेत नव्हते. नाव घेतलं की येतो म्हनून. माझा बाप त्याला 'रानातला पाव्हणा' म्हनायचा. लेकराला बी कळायचं कोन पाव्हणा ते."

अश्विनीचं हसू थांबलं. ती माझ्याकडे वळली. "सर, हे केनिंग आहे. मी अकरावीला शिकवते."

मला शब्द नवा होता. तिनं समजावलं. उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठच्या जुन्या कवींची ही रीत. वस्तूचं नाव घ्यायचं नाही. दोन शब्द जोडायचे आणि त्यातून वस्तू उभी करायची. जहाजाला ते 'लाटांचा घोडा' म्हणत. घोडा जमिनीवरचा, पण 'लाटांचा' म्हटलं की जमीन सुटते, आणि उरतं ते जहाज.

"आणि केसांचा कुळव?" मी विचारलं.

"तेही तेच. कुळव शेतातला, ढेकळं मोडणारा. 'केसांचा' म्हटलं की शेत सुटलं. इतकं चोख केनिंग माझ्या वर्गात कुणी लिहीत नाही. तुम्ही शून्य दिलंत."

मी थोडा तापलो. "मॅडम, हे कवितेचं क्लिनिक नाही. पेशंटला दुकानात जाऊन कंगवा मागता आला पाहिजे."

"सध्या त्या पाणीपण मागत नाहीत, सर."



खरं सांगायचं तर वस्तूभोवतीचे शब्द हलवले की मधलं नाव जागं होतं, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. पेशंटला विचारायचं, ही वस्तू कुठं असते, काय करते, कशासारखी दिसते. मीही ते वापरायचो. पण फक्त पायरी म्हणून. पायरीला मार्क नसतात. नाव आलं तर एक, नाही तर शून्य.

त्या रात्री मी स्वतः केनिंग लिहायला बसलो. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला होता. मी लिहिलं, 'शिट्टी वाजवणारं भांडं.' बरं वाटलं.

पुढच्या सेशनला ते मी वाचून दाखवलं. टेबलावर कार्डं नव्हती, कागद नव्हता. यमुनाबाई पदर धरून बसल्या होत्या. रामभाऊही आत होते, मीच आग्रह केला होता.

अश्विनीनं नाक मुरडलं. "हे वर्णन झालं, सर. भांड्याला तुम्ही भांडंच म्हणालात. दुसऱ्या दुनियेतलं काहीतरी उसनं आणावं लागतं."

"म्हणजे काय आणू?"

"तुम्हीच शोधा. गृहपाठ."

"वाफेचा..." मी अडकलो. "वाफेचा डबा?"

"डबा म्हंजी भांडंच की," रामभाऊ म्हणाले.

माझे कान गरम झाले. शब्द शोधत होतो आणि सापडत नव्हता, तिघं माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला कधी बसलोच नव्हतो.

तेवढ्यात पदराआडून आवाज आला. "वाफेचा... हवालदार."

 मग रामभाऊ मांडीवर थाप मारून हसले. "शिट्टी! हवालदाराची शिट्टी!" यमुनाबाईंचा पदर खाली आला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. शाळेत ढ पोराकडे बघतात तशा, पण रागानं नाही.

त्या दिवशी मी खेळ बदलला. नियम एकच: कार्डावरच्या वस्तूचं नाव कुणीही घ्यायचं नाही. मीसुद्धा नाही. जो नाव घेईल तो हरला. नाव न घेता बोलणं ही त्या घरची जुनी रीत होती, आजार नव्हता. मग माझ्या टेबलावरही तीच चालू द्यायचं ठरवलं.

कार्डं पडू लागली. कुलूप: 'दाराची मूठ' असं मी म्हणालो, ते बाद झालं, कारण दाराला मूठ खरोखरच असते. यमुनाबाई म्हणाल्या, 'दाराचा हट्ट.' सुई: 'चिंधीचा वैद्य.' घड्याळ आलं, तर त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'भिंतीवरचा सावकार.' त्यावर रामभाऊ म्हणाले, "सावकार तरी रविवारी सुट्टी घेतो."

काही वेळा त्यांना दोनपैकी एकच शब्द सापडायचा. मग त्या टेबलावर बोट आपटायच्या. मी मदतीला पुढे झालो की हात आडवा करायच्या. थांबायला मला तेव्हा शिकावं लागलं. थेरपिस्टला शांतता फार जड जाते.

आणि मग एका सेशनला छत्रीचं कार्ड पुन्हा आलं. यमुनाबाईंनी ते बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "छत्री."

खाडकन तोंडावर हात.

"हरली!" रामभाऊ ओरडले. "मास्तरीणबाई हरली! नाव घेतलं!"

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कार्ड पालथं घातलं. त्या आठवड्यात त्या अशाच आणखी बऱ्याचदा हरल्या. चावी, साबण, पणती. नाव घ्यायची सक्ती होती तेव्हा नाव दडून बसायचं. बंदी घातल्यावर तेच उड्या मारत बाहेर येऊ लागलं. सगळी नावं आली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. कंगवा आजही 'केसांचा कुळव'च आहे. फुलंब्रीच्या दुकानदारालाही आता ते ठाऊक आहे. तो मुकाट कंगवा काढून देतो.

मेळाव्यासाठी कविता त्यांनी डाव्या हातानं लिहिली. उजव्या हातात अजून जोर नव्हता. सेशनमध्ये आम्ही ती ओळ-ओळ म्हणून घेतली.

शाळेच्या हॉलमध्ये मेळावा झाला. सतरंज्या, पुढं बायका, मागं त्यांना सोडायला आलेले पुरुष. मी कडेला उभा होतो. यमुनाबाई माईकसमोर आल्या. मंडळातल्या बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग एकदम शांत झाल्या. त्यांच्या बाई पुन्हा बोलतील की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी सावकाश सुरुवात केली.

*कपाळामागच्या गोदामाला*
*आतून कडी लागली.*
*दातांच्या कुंपणात*
*माझी एकुलती शेळी मुकी झाली.*
*चित्रांचा तलाठी आला,*
*शून्यांची पेरणी करून गेला.*

इथं त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळा हॉल वळला आणि हसला. मीही हसलो. लाज वाटली, पण ती माझ्या हक्काची होती.

*सरळ वाट बंद होती.*
*शेळीनं कुंपणावरून उडी घेतली.*
*आडवाटेचं...*

त्या थांबल्या.

पुढचा शब्द 'गवत' होता. कागद हातात होता, पण नजर अक्षरांवरून घसरत होती. मला ते दिसत होतं. अश्विनीनं माझी बाही धरली. माझ्या ओठांवर 'ग' आला. पहिलं अक्षर द्यायचं, एवढंच काम. मी तोंड मिटलं.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मागे रामभाऊ उभे राहिले होते.

यमुनाबाईंनी कागद खाली केला.

"आडवाटेचे..." त्यांनी 'चं' बदलून 'चे' केलं, "मातीचे केस... गोड लागले."

 मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "वा, बाई!" आणि हॉल टाळ्यांनी भरून गेला. सगळ्यांना वाटलं, ओळ तशीच लिहिली होती. तशी नव्हती, हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. शिरस्ता मोडला नव्हता.

बाहेर आल्यावर रामभाऊंनी मला गाठलं. "डॉक्टर, शेवटच्याला किती मार्क?"

"जुन्या कागदाप्रमाणं शून्य," मी म्हणालो. "गवताला गवत म्हणाल्या नाहीत."

"मंग फाडा की तो कागद."

मी फाडलेला नाही. चाचणी लागते. नाही तर कोण किती सुधारलं ते कळत नाही. पण आता त्यात एक जादा रकाना आहे, नाव न घेता सांगता आलेल्या गोष्टींचा. कागद पेशंटच्या समोर ठेवत नाही. आणि समोरचं माणूस शब्द शोधत असतं तेव्हा मी पेन खाली ठेवतो.