बाईंच्या गळ्यात पडून गायलेला ढावलो

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मला तांड्यातून उचलून राळेगावकडच्या एका मठाच्या शाळेत घातलं. वसतिगृहाच्या बाई कडक. तिथं फक्त मठाची भजनं चालत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. शाळा त्यांची, देव त्यांचा. प्रार्थनेत मी त्यांचंच गायचे, तेही सुरात.

पण ताईचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडत गायचं, आणि त्या माणसानं काय दिलं, काय हिरावलं, सगळं त्यात सांगायचं. बहिणीनं तिला गाऊनच उत्तर द्यायचं. मी विहिरीवर धुणं धुताना त्याचा सराव करत होते. बाईंनी ऐकलं.

"देवाच्या घरात रडगाणं? घरी जाऊन हेच गाशीन न? मंग सुट्टी नाही."

मी पाया पडले. पाय मागे घेऊन बाई आरतीला गेल्या. तिकडे ताई सगळ्यांच्या गळ्यात पडली, माझ्या सोडून. माय पुढे कितीदा तरी सांगायची, "तुह्या नावानं हाका मारत गेली थे पोरगी."

मी डूख धरला. सात वर्षं धरला.

माझं लग्न ठरल्यावर पहिली पत्रिका बाईंना धाडली. पितळेचा तांब्या घेऊन बाई आल्या, कौतुकानं पुढेच बसल्या. निघायच्या वेळी मी मायबापांना सोडून थेट त्यांच्या गळ्यात पडले. ढावलो संपेपर्यंत नवरीचे हात कोणी सोडवत नाही, अपशकुन होतो. बाईंना कळावं म्हणून मी तो आमच्या बोलीऐवजी मराठीत गायले. तांड्यात असं कोणी केलं नव्हतं. विहीर गायले, सुट्टी गायले, ताईच्या हाका गायले. एक कडवं संपलं की दुसरं जोडत गेले. बायका आधी हसल्या, मग जवळ सरकून ऐकू लागल्या.

बाई कानाशी म्हणाल्या, "पुरे कर न वं. पाया पडतो तुह्या."

मी आणखी दोन कडवी गायले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

हात सोडले, तर समोर ताई उभी. माझ्याशी राहून गेलेला ढावलो गायलाच सासरहून आलेली, हात पसरून. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. घसा पार बसला होता. गाडी जुंपून तयार होती. ताईनं मला पोटाशी धरलं आणि माझ्या वाटचंही तीच गायली.

बाईंचं मला आजही काही वाटत नाही. ताईचं वाटतं.