कुलेरभर चीक

सिस्टर कधी बसल्याचं मी पाहिलं नाही. चहासुद्धा खिडकीशी उभ्यानेच. अर्धा कप पिऊन अर्धा तिथेच विसरायच्या आणि मधल्या बोटाने खाटेच्या दांडीवर टकटक करत पुढच्या बाळंतिणीकडे वळायच्या. "बसपाक वेळ खंय आसा गे?" हे त्यांचं पालुपद. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याजवळ दोन मिनिटं उभं राहिलं की आपल्यालाच उगाच घाई लागते.

डिचोलीच्या आरोग्य केंद्रात मी नवी नर्स लागले तेव्हा बाळंतिणींच्या खोलीत त्यांचं राज्य होतं. त्या काळी आईचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, 'शिळं' म्हणून पिळून टाकत आणि बाळाच्या तोंडात गुळाचं पाणी घालत. सिस्टरना ते दिसलं की पाणी वाटीसकट मोरीत जायचं. मग सासवांशी जुंपायची. सिस्टर सांगत, या चिकात आईच्या अंगातले हार्मोन्स असतात, ते बाळाच्या आतड्यांना वाढायला लावतात, पचवायला तयार करतात. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. मग सिस्टर त्यांच्या भाषेत उतरत, आईला 'आवय' म्हणत.

"आतडें अजून शिकता मगे. पयलो धडो आवयन दिवपाचो."

भाषेवरून गोवा पेटला होता ते दिवस. कोकणी की मराठी यावरून आमच्या कंपाउंडर आणि क्लार्कमध्येही अबोला होता. सिस्टर मूळच्या पेडण्याच्या. पेशंट ज्या भाषेत कण्हेल त्या भाषेत त्या बोलायच्या.

त्यातच जवळच्या लाटंबार्शाहून एक बाई बाळंतपणाला आली. माणसं कोल्हापूरकडची, नवरा खाणीच्या ट्रकवर. मुलगी साडेसात महिन्यांतच जन्मली, दोन तळहातांत मावेल एवढी. मोठ्या इस्पितळात न्यायचं तर आंदोलकांनी रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली. डॉक्टर म्हणाले, इथेच जपा. तिच्यात ओढायची ताकद नव्हती, म्हणून आईचा चीक वाटीत काढून कुलेरीने, म्हणजे चमच्याने, थेंब थेंब पाजायचं ठरलं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, लेकरू जगंल नव्हं?

पाजायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी शहाणीने काय केलं? 'पाणी उकळा, दूध उकळा' असं घरोघरी सांगत फिरणारी मी. वाटीच्या तळाचा तो चीकही स्टोव्हवर उकळून घेतला. दुपारपर्यंत दोनदा.

तिसऱ्यांदा उकळला तेव्हा सिस्टरनी वाटीला हात लावला. गरम. त्या ओरडल्या नाहीत. दांडीवरचं बोट थांबलं, आणि मला तेच जास्त लागलं.

"आवयन धाडिल्लो निरोप तुवें शिजयलो गे," त्या म्हणाल्या. चिकातून आईने पाठवलेले हार्मोन्स मी उकळून मारले होते.

संध्याकाळी मुलीचं पोट फुगलं. उकळल्यामुळेच फुगलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. माझं मन मात्र दुसरं काही ऐकेना. डॉक्टरांनी काही तास पाजणं बंद ठेवलं आणि मग पुन्हा चीक, कच्चा, थेंबाथेंबाने. सिस्टर घरी गेल्याच नाहीत. खाट ते दरवाजा, दरवाजा ते खाट. दर फेरीला दुपटं उघडून बघायचं, मिटायचं. पोट मऊ झालं, पण शी होईना. त्यांच्यामागून मीही फेऱ्या घालू लागले. 

तिसऱ्या दिवशी सकाळी दुपट्यावर हळदीसारखा पिवळा डाग पडला. बाहेर मोर्च्याच्या घोषणा चालल्या होत्या आणि आत सिस्टर ते दुपटं झेंड्यासारखं धरून आईकडे धावल्या. "पचलं बघ तुझ्या लेकीला," एवढंच म्हणाल्या. आई रडली, मीही रडले. सिस्टरनी मला वाटी धुऊन आणायला पिटाळलं.

मुलगी घरी गेली. पुढे गोवा राज्य झालं, सिस्टर निवृत्त होऊन हरमलला भावाकडे राहायला गेल्या. शेवटचं भेटले ती तिथेच. जन्मभर उभं असलेलं माणूस आडवं बघवेना. पोटात काही ठरत नव्हतं. भावजय शहाळ्याचं पाणी भरवत होती. मी तिच्या हातून कुलेर घेतली. सिस्टरनी एक घोट कसाबसा गिळला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"तापोवंक ना मगे?"

"ना, सिस्टर. तापवलं नाही."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. खाटेच्या दांडीवर मधलं बोट हलत होतं, पण आवाज येत नव्हता.