अंगूरी रंगाचा चालता बंगला

आम्हा पेन्शनर मंडळींचं असं आहे, की एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला खोकला सुटतो. म्हणजे त्याचाही तयार आहे, तुमचा आवरा. तीस वर्षं कचेरीत नकला करून माझी बोटं वाकडी झाली. त्यातली एक ओळही आज आठवत नाही. जे कुठल्याच फायलीत लागलं नाही ते मात्र डोक्यात गठ्ठा बांधून पडलंय. त्यातला हा एक गठ्ठा सोडतो. निजामी अमलातला, परभणीचा. कचेरी कोणत्या खात्याची ते विचारू नका. ते खातंही गेलं आणि त्याचा शिक्काही.

आमचे साहेब लखनौकडचे. माणूस सज्जन, शायरीचा शौकीन, चिखलाचा मात्र मनापासून तिटकारा. आणि नोकरी दौऱ्याची. त्यांचे पेशकार व्यंकटराव, म्हणजे साहेबांच्या पुढ्यात कागद ठेवणारे आणि वेळ पडली तर पुढ्यातून उचलणारे. मी त्यांच्या हाताखालचा कारकून.

आणि दर सोमवारी कचेरीच्या पायरीवर बोरीचे नारायणमास्तर. गावात त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मराठी शाळा काढली होती. त्या काळी अशा शाळेला परवानगी लागे, आणि परवानगीआधी साहेबांना जातीनं मुआयना, म्हणजे तपासणी, करावा लागे. मास्तरांच्या हातात कागद होता: आबानअखेर मुआयना न झाल्यास शाळा बंद समजावी. आबान हा सरकारी फसली सालाचा शेवटचा महिना, भादव्याच्या आसपासचा. मास्तर चैत्रापासूनच येऊ लागले होते. प्रश्न एकच.

"साहेब दौऱ्यावर कधी निघायलेत?"

*

दौरा पूर्वी तंबूतून व्हायचा. एका मुक्कामात साहेबांच्या बुटात विंचू निघाला. बूट पायात नव्हता, पण साहेबांचं तंबूवरचं मन उडालं.

मग त्यांना एका विलायती मासिकात चित्र सापडलं. मोटारीवर अख्खं घर! आत पलंग, खिडक्यांना पडदे, आणि एक मडम चहा ओततेय. साहेबांनी चित्र व्यंकटरावांपुढं धरलं. व्यंकटरावांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"हुजूर, इसमें बिच्छू नजर नहीं आता."

तेवढ्यावर मोटार मंजूर झाली.

दोन महिन्यांनी हैदराबादेहून जे आलं ते चार चाकं, एक इंजिन आणि दोन लांब लोखंडी पट्ट्या. वर एक खोकं बांधून त्यावर इमाम ड्रायव्हर बसलेला, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला. साहेब बंगल्यातून धावत बाहेर आले, सांगाड्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मोटार कहाँ है?"

"हुजूर, मोटार इतनीच है," इमाम म्हणाला. "बाकी शौक है."

*

बाकीच्या शौकासाठी फाईल निघाली. आमच्या कचेरीत दंडक होता, की फाईल ज्याच्या टेबलावरून जाईल त्यानं 'राय' या रकान्यात काहीतरी लिहायचंच. कोरा सोडला तर काम केलं नाही असा अर्थ.

त्यामुळं चालत्या बंगल्यात काय काय असावं, हे सगळ्या कचेरीनं ठरवलं. एकानं लिहिलं, हात धुवायला मोरी असावी. दुसऱ्यानं लिहिलं, पानदानाला कोनाडा असावा. बंगल्यातून बेगमसाहेबांचा निरोप आला, की झोपाळ्याला कड्या असाव्यात. खानसाम्यानं धुराडं मागितलं. दफ्तरीला लिहिता येत नव्हतं, त्यानं अंगठा उठवला. तोही एक सोय म्हणून मोजला गेला आणि फाईल पुढं सरकली.

व्यंकटरावांनी शेवटी लिहिलं, "खिडक्या समोरासमोर असाव्यात. म्हणजे एकीतून आलेला अर्ज दुसरीतून बाहेर जाईल."

साहेबांनी त्यावर सही केली.

*

घर बांधायला सेलूचा मिस्त्री आणला. त्यानं जन्मभर बैलगाड्या, पाळणे आणि देव्हारे केले होते. कामाला हात चांगला, फक्त चित्र त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला कुणी दाखवलंच नाही, कारण चित्र फाईलमध्ये होतं आणि फाईल फिरत होती.

घर उभं राहिलं. सागवानी दार, पितळी कडी, वर गणपतीसाठी जागा सोडलेली पट्टी. साहेब ऐटीत आत शिरले आणि उंबऱ्याला अडखळून थेट पलंगावर पोचले.

"मिस्त्री, मोटारीला उंबरा कशाला?" व्यंकटराव ओरडले.

"तुमीच घर म्हणायलात," मिस्त्री शांतपणे रंधा झाडत म्हणाला. "उंबऱ्याबिगर घर ऱ्हातं का? मोटार म्हणला असता तर नसता घातला."

साहेब पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "रहने दो. पलंग अच्छा है."

*

मग रंग. इथं अर्धा चातुर्मास गेला म्हणा ना.

पांढरा नको, एका पावसात काळा होईल. लाल नको, लोक टपालपेटी समजून पत्रं टाकतील. पिवळा हा सरकारी निशाणाचा रंग, तो आपण लावू शकतो का, असा कागद हैदराबादेला गेला. उत्तर आलं, की कोणता पिवळा ते नमुन्यासह कळवावं. नमुना गेला. पुढलं उत्तर मी पेन्शनीत निघेपर्यंत आलं नाही.

तोवर पेंटर मोटारीच्या अंगावर रोज वीतभर चौकोनात नवा रंग लावून दाखवी. निळा, करडा, डाळिंबी, पिस्तई. साहेब सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला तिन्ही उजेडांत चौकोन पाहात आणि प्रत्येकाला साजेसा एखादा शेर म्हणत. एकदा कामानिमित्त आलेले एक पाटील मोटारीभोवती फिरून आले आणि म्हणाले, "गोधडी झ्याक झालीय. आता हात लावू नका."

सोमवार होता, मास्तर पायरीवर होतेच. पावसाळा लागलेला, बाराबंदी ओली. साहेबांची नजर त्यांच्यावर गेली. सुशिक्षित माणूस, याचं मत घ्यावं.

"मास्टरसाहब, आप बताइये. कौनसा रंग अच्छा रहेगा?"

मास्तरांनी सगळे चौकोन एकदा पाहिले.

"जो लवकर वाळंल तो, हुजूर."

साहेबांनी अंगूरी निवडला. तो वाळायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

*

आबान लागला आणि दौरा निघाला. पहिला मुक्काम बोरी. निघाल्याचा रिपोर्ट हैदराबादेला गेला. साहेब आत गझलांचा दिवाण वाचत पडलेले, व्यंकटराव प्रोग्रामचा कागद मांडीवर घेऊन, मी मागच्या सज्ज्यात फायलींच्या पेटीवर. नाक्यावर मास्तर उभे होते. वाट दाखवायला पुढं चालतो म्हणाले. पाय अनवाणी, वहाणा हातात.

नाक्यापासून दोन शेतं ओलांडली आणि काळ्या मातीनं मोटार धरली. इमामनं जेवढा जोर लावला तेवढी ती खाली गेली. अंगूरी रंग खिडकीपर्यंत दिसेनासा झाला. शेतातली माणसं बैलं घेऊन आली. सात जोड्या जुंपल्या. त्यांच्यातला एक म्हातारा व्यंकटरावांना म्हणाला, "फुडं वढावं का मागं?"

व्यंकटरावांनी पुढं पाहिलं. पुढं बोरीपर्यंत नुसतं काळं रान.

"मागं," ते म्हणाले.

आणि दौरा उलटा परभणीत शिरला. पुढं सात बैलजोड्या, त्यांच्यामागं मोटारीचा सज्जा, सज्ज्यात खुर्चीवर साहेब, आणि सगळ्यांत शेवटी बॉनेट. लोकांना वाटलं मिरवणूकच आहे, त्यांनी सलाम केले. साहेबांनी घेतले.

मास्तर माझ्या बाजूनं चालत होते.  मग हळूच म्हणाले, "बोरीला इकडूनबी वाट आहे का?"

*

मोटार साहेबांच्या बंगल्याच्या आवारात, कचेरीसमोरच्या निंबाखाली येऊन उभी राहिली. साहेब उतरू लागले तर व्यंकटराव दारात आडवे.

"हुजूर, निघाल्याचा रिपोर्ट गेलाय. परत आलो असं लिहिलं, तर का आलो तेही लिहावं लागेल."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि पुन्हा आत गेले. दौरा चालू राहिला.

बंगला तिथून तीस पावलांवर. जेवण तिथून यायचं, पण डब्यात, दौऱ्याच्या शिस्तीनं. संध्याकाळी साहेब खिडकीत बसून बेगमसाहेबांना खुशालीचं पत्र लिहीत. ते मी नेऊन देई आणि उत्तर घेऊन येई. एकदा उत्तर तोंडीच आलं. पडद्याआडून बेगमसाहेबा म्हणाल्या, "उनसे कहिये, इतनी दूर हैं तो कम से कम खाना वक्त पर खाया करें."

*

आबानचे चार दिवस उरले. सोमवार नव्हता, तरी मास्तर आले. पायरीवर न बसता सरळ व्यंकटरावांच्या टेबलाशी गेले.

"पेशकारसाहेब, साहेब कुठं आहेत?"

"दौऱ्यावर."

"आज मुक्काम कुठला?"

व्यंकटरावांनी प्रोग्राम उघडला. खोटं ते कधी बोलत नसत, कागदात असेल तेच बोलत. "बोरी. आबानअखेरपर्यंत."

मास्तरांनी खिडकीतून निंबाखालच्या मोटारीकडं पाहिलं. धुराड्यातून चहाचा धूर निघत होता. मान हलवली आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून बैलगाड्या शिरल्या. जिथं मोटार बुडाली तिथून बैलगाडी येते, हे आम्हाला फाईलमध्ये कुणी कळवलं नव्हतं. पाच गाड्या भरून पोरं, सगळी गुडघ्यापर्यंत चिखलात. फळा, हजेरीपट, पितळी तास, खडूचा डबा. मास्तरांनी निंबाखाली तरटं अंथरली, फळा मोटारीच्या चाकाला टेकवला, तास फांदीला टांगला आणि टोला दिला.  उद्या आबान संपणार होता.

पोरांनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, सुरू केली.

खिडकीचा पडदा सरकला. साहेबांनी बाहेर पाहिलं, मग व्यंकटरावांकडं पाहिलं. "ये क्या है?"

व्यंकटरावांनी प्रोग्राम पुढं धरला. "हुजूर, बोरी."

साहेबांनी प्रोग्राम पाहिला, मग निंबाखालची पोरं पाहिली. मास्तर डोळे मिटून उभे होते. मग साहेबांनी शेरवानीची बटणं लावली आणि खाली उतरले. एक खुर्ची मागवून पोरांपुढं बसले. पाऊणकीतला हिशेब त्यांना कळत नव्हता, पण ताल पसंत पडला असावा. संपल्यावर मान डोलावून म्हणाले, "मुकर्रर." म्हणजे पुन्हा म्हणा. पोरांनी पुन्हा म्हटली. मग दिडकी झाली, तीही दोनदा.

मुआयन्याचा फॉर्म मीच भरला. इमारत? साहेबांनी निंबाकडं पाहिलं. "हवादार." पाण्याची सोय? बंगल्याच्या विहिरीकडं पाहिलं. "उमदा." गावाला जाणाऱ्या रस्त्याची हालत? इथं ते अडले. "मास्टरसाहब, रास्ता कैसा है?"

"येणाऱ्याला चांगला आहे, हुजूर," मास्तर म्हणाले.

साहेबांनी तेच लिहायला सांगितलं. सही झाली, शिक्का उठला. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला, आणि चहाला न थांबता पोरांना गाड्यांत चढवलं. फाटकातून जाताना पोरं पुन्हा पाऊणकीच म्हणत होती.

गाड्या दिसेनाशा झाल्यावर साहेब खुर्चीतून उठले.

"व्यंकटराव, अगला मुकाम?"

व्यंकटरावांनी प्रोग्रामचं पान उलटलं. "चारठाणा, हुजूर. तिथल्या जुन्या देवळाचा मुआयना."

साहेबांनी फाटकापर्यंत उमटलेली चाकोरी न्याहाळली.

"उनके पास बैलगाडियाँ काफी हैं?"